मनाची झडती नको, गुणतक्ता आधी भरा

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून बसण्याचा प्रसंग आला. सहायक प्राध्यापकाची एकच जागा होती आणि अखेरीस दोन नावे उरली होती, एक तरुण आणि एक तरुणी. तिचे संशोधनपर लेख अधिक होते, त्याचा शिकवण्याचा अनुभव अधिक होता. समितीतील एका सदस्यांनी ‘शेवटी वर्गात उभे राहण्याचा अनुभवच कामाला येतो’ असे मत मांडले, ते सर्वांना पटले आणि मलाही पटले. वर्षभराने दुसऱ्या एका जागेसाठी आम्ही जवळपास तेच लोक पुन्हा एकत्र बसलो. या वेळी अनुभव तरुणीच्या पदरी होता आणि लेख तरुणाच्या. ‘आता मूल्यांकनात संशोधनालाच वजन आहे’ असे कोणीतरी म्हणाले, तेही सर्वांना पटले, आणि दोन्ही कार्यवृत्तांवर मी सही केली. दोन्ही वेळी समितीत दोन स्त्रिया होत्या, त्यांपैकी एक मी. स्त्रियांनी शिकवू नये असे मानणारे त्या खोलीत कोणीही नव्हते. दोन्ही निर्णय मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले ते पुष्कळ उशिरा, आणि तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

अशा प्रसंगाचे स्पष्टीकरण म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत मानसशास्त्रातील ‘नकळत पूर्वग्रह’ ही संकल्पना सर्वत्र पसरली आहे. माणसाने विचारपूर्वक स्वीकारलेली मते एकीकडे असतात, आणि लहानपणापासून पाहिल्या-ऐकल्यातून मनात बसलेले, निर्णयाच्या क्षणी आपोआप जागे होणारे दुवे दुसरीकडे असतात, असा तिचा गाभा आहे. ही संकल्पना मला बहुतांशी खरी वाटते. पण तिच्यावरून जो उपाय काढला गेला, तो मात्र चुकला आहे असे माझे ठाम मत झाले आहे. कर्मचाऱ्यांना एका सभागृहात बसवून त्यांच्या मनातील पूर्वग्रह त्यांना दाखवून द्यायचा आणि मग त्यांचे वागणे बदलेल अशी आशा करायची, हा तो उपाय. संशोधन नीट वाचले तर ते दुसरीकडे बोट दाखवते: निर्णय ज्या पद्धतीने घेतले जातात त्या पद्धतीकडे.

या संशोधनाची सुरुवात साध्या प्रयोगांतून झाली. सिकंदराबादेत वाढलेल्या आणि उस्मानिया विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेल्या महजरीन बनाजी आणि त्यांचे सहकारी अँथनी ग्रीनवाल्ड यांनी १९९५ मध्ये नावांच्या यादीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही अनोळखी नावे वाचायला दिली, आणि नंतर तीच नावे खरोखर प्रसिद्ध असलेल्या व नसलेल्या नावांत मिसळून ‘यांतील प्रसिद्ध कोण?’ असे विचारले. कुठेतरी वाचल्यासारखे वाटणारे नाव प्रसिद्ध असावे असा समज होणे स्वाभाविक होते, पण हा समज पुरुषांच्या नावांबाबत अधिक आणि स्त्रियांच्या नावांबाबत कमी झाला. ओळखीचे वाटणे दोन्हीकडे होते. त्या ओळखीला कीर्तीचा अर्थ देण्याची उदारता मात्र पुरुषाच्या नावाला अधिक मिळाली.

१९९८ मध्ये ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी ‘इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट’, म्हणजे नकळत दुव्यांची चाचणी, मांडली, आणि त्याच वर्षी ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. पडद्यावर एकामागून एक शब्द येतात आणि ते संगणकाच्या दोन कळांपैकी एक दाबून वर्गवारीत टाकायचे असतात. एका फेरीत पुरुषांची नावे आणि नोकरीशी संबंधित शब्द यांना एक कळ असते, स्त्रियांची नावे आणि घरसंसाराचे शब्द यांना दुसरी. पुढच्या फेरीत जोड्या बदलतात. बहुतेकांची बोटे पहिल्या फेरीत सहज चालतात आणि दुसऱ्या फेरीत अडखळतात. हा फरक मिलिसेकंदांत मोजून मनातील दुव्याची ताकद ठरवली जाते. समानतेवर मनापासून विश्वास असणाऱ्या स्त्रियांचीही बोटे अडखळतात. मी स्वतः ही चाचणी तीन वेळा दिली. पहिल्यांदा ‘तीव्र’, दुसऱ्यांदा ‘सौम्य’ आणि तिसऱ्यांदा ‘मध्यम’ असा निकाल आला, आणि मधल्या काळात माझ्या मतांत काहीही बदल झालेला नव्हता.

हा अनुभव माझ्यापुरता नाही. एकाच व्यक्तीने ही चाचणी पुन्हा दिली तर दोन निकालांतील सहसंबंध (पूर्ण जुळले तर १, काहीच संबंध नसेल तर ०) सुमारे ०.५ इतकाच राहतो. उंची मोजण्याची पट्टी अशी असती तर आपण ती फेकून दिली असती. चाचणीचा निकाल आणि प्रत्यक्ष वागणे यांचा संबंध याहून क्षीण आहे. ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तो सरासरी ०.२७ च्या आसपास असल्याचे सांगितले. फ्रेडरिक ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केवळ वंशभेदाशी संबंधित अभ्यास तपासले तेव्हा तो ०.१५ च्या आसपास निघाला. मोठा आकडा धरला तरी वागण्यातील फरकांपैकी सातआठ टक्केच भाग चाचणीच्या निकालाशी जोडता येतो. म्हणून ‘तुमचा निकाल तीव्र आला, म्हणजे तुम्ही स्त्रियांशी अन्याय्य वागता’ असे एखाद्या माणसाला सांगणे शास्त्राला धरून नाही, आणि या निकालावरून कोणाची नेमणूक किंवा बढती ठरवणे तर सरळ अन्याय आहे.

प्रशिक्षणाची कथा अधिक निराश करणारी आहे. पॅट्रिक फॉर्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचा, ८७ हजारांहून अधिक सहभागी व्यक्तींचा एकत्रित आढावा घेतला. चाचणीचे गुण निरनिराळ्या उपायांनी थोडेफार बदलता येतात, पण त्या बदलामुळे वागणे बदलल्याचा पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी एका जागतिक कंपनीतील तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तासाभराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा भर मुख्यतः लिंगभेदावर होता. काही गटांची मते सुधारली, वागण्यात झालेला बदल मात्र अगदी तुरळक होता. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने नागरी सेवेतील असे प्रशिक्षण थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या निर्णयामागचे राजकारण काहीही असो, पुराव्याच्या अंगाने त्याला फारसे उत्तर देता आले नाही.

येथे अनेकजण असा निष्कर्ष काढतात की मग हे सगळे थोतांडच आहे, आणि स्त्रिया मागे राहतात त्या त्यांच्या निवडीमुळे किंवा क्षमतेमुळे. या उडीला माझा तीव्र विरोध आहे. एका माणसाच्या बाबतीत अविश्वसनीय असलेले मोजमाप हजारो माणसांच्या सरासरीत अर्थपूर्ण असू शकते. एका शेतकऱ्याला उद्या दुपारी त्याच्या वावरात किती पाऊस पडेल हे हवामान खाते सांगू शकत नाही, पण विदर्भ आणि कोकण यांच्या पावसात फरक आहे हे कोणी नाकारत नाही. ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३४ देशांतील पाच लाखांहून अधिक चाचण्यांचे निकाल पाहिले. सुमारे ७० टक्के लोकांच्या मनात विज्ञान हे स्त्रियांपेक्षा पुरुषांशी अधिक घट्ट जोडलेले होते. आणि ज्या देशांत हा दुवा सरासरीने अधिक घट्ट, त्या देशांत आठवीतील मुलामुलींच्या विज्ञान-गणिताच्या गुणांमधील तफावतही मुलांच्या बाजूने अधिक होती. कशामुळे काय घडते हे यातून सिद्ध होत नाही. मुली मागे दिसतात म्हणून दुवा घट्ट होतो असेही असू शकेल.

कारणाच्या अधिक जवळ जाणारा अभ्यास मिकेला कार्लाना यांचा आहे. इटलीतील माध्यमिक शाळांत गणित शिकवणाऱ्या शिक्षकांची ही चाचणी घेऊन त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती त्यांनी तपासली. ज्या शिक्षकांच्या मनात ‘गणित म्हणजे मुलगे’ हा दुवा घट्ट होता, त्यांच्या वर्गांत मुली आणि मुलगे यांच्या गुणांतील अंतर वाढले, आणि पुढे शाखा निवडताना मुलींनी कमी कठीण शाखांकडे वळणे पसंत केले. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. एखादी मुलगी ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणते, तेव्हा ती निवड तिची असते हे मान्य; पण ते वाक्य तिच्या तोंडी कोणी घातले, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुली ‘फार हुशार’ माणूस म्हणून आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे मुलग्यांइतक्याच सहजतेने बोट दाखवत होत्या, सहा-सात वर्षांच्या मुलींत ही सहजता कमी झालेली होती. पहिली-दुसरीच्या वयाची ही गोष्ट आहे.

भाषेकडेही येथे लक्ष द्यायला हवे. रुग्णालयाच्या दारात आपण ‘डॉक्टर आले का?’ असेच विचारतो, मग आतमध्ये बसणाऱ्या बाई आहेत हे ठाऊक असले तरी, ‘आल्या का?’ म्हणायला जीभ क्षणभर थांबते. मराठीत क्रियापदाला लिंग असल्यामुळे हा दुवा आपल्या वाक्यावाक्यात उमटतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे वडील दाखवले तेव्हा काहींना ते नवल वाटले होते, त्यामागे हीच सवय होती.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येते. मनातील हा दुवा निर्णयात केव्हा उतरतो? फ्रान्सच्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन केंद्रातील बढतीच्या ४० समित्यांचा दोन वर्षे अभ्यास करणाऱ्या इझाबेल रेन्ये आणि सहकाऱ्यांना याचे एक उत्तर मिळाले. ज्या समित्यांत पुरुष आणि विज्ञान यांचा नकळत दुवा घट्ट होता आणि त्याच वेळी ‘स्त्रियांना येथे काही अडथळा नाही’ अशी सदस्यांची धारणा होती, त्या समित्यांनी कमी स्त्रियांना बढती दिली. दुवा तितकाच घट्ट असूनही ज्यांनी अडथळ्यांचे अस्तित्व मान्य केले होते, तेथे हा परिणाम दिसला नाही. शिवाय पहिल्या वर्षी, आपला अभ्यास होतो आहे हे समित्यांना ठाऊक असताना, हा संबंध दिसला नव्हता. दुसऱ्या वर्षी तो दिसला. कोणीतरी पाहत आहे याची जाणीव असताना माणसे सावध राहिली, असाच याचा अर्थ मला लागतो.

दुसरे उत्तर एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांच्या २००५ मधील प्रयोगात आहे, आणि तो वाचताना मला माझी निवड समिती आठवली. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी दोन उमेदवार, एक पुरुष आणि एक स्त्री. एक उच्चशिक्षित, दुसरा रस्त्यावरच्या कामाचा अनुभवी. पुरुष उच्चशिक्षित असला की परीक्षकांनी शिक्षणाला अधिक महत्त्व दिले, आणि स्त्री उच्चशिक्षित असली की त्याच शिक्षणाचे वजन घटले. कोणता गुण महत्त्वाचा हे उमेदवार पाहिल्यानंतर ठरत होते. जे परीक्षक स्वतःला अधिक वस्तुनिष्ठ समजत होते त्यांच्यात हा पक्षपात अधिक होता. आणि ज्या परीक्षकांकडून उमेदवारांची माहिती देण्यापूर्वीच निकषांचे महत्त्व लिहून घेतले होते, त्यांच्यात तो दिसला नाही. त्यांची मने कोणी धुतली नव्हती. त्यांच्यासमोर फक्त एक कागद आधी ठेवला होता.

परस्परविरोधी वाटणारे काही निष्कर्षही या प्रकाशात समजतात. २०१२ मध्ये कोरिन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या १२७ अमेरिकी प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, निम्म्यांना ‘जॉन’ या नावाने आणि निम्म्यांना ‘जेनिफर’ या नावाने. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८; आणि स्त्री प्राध्यापकही यात मागे नव्हत्या. तीन वर्षांनी वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांनी प्राध्यापकपदाच्या काल्पनिक उमेदवारांवर असाच प्रयोग केला, तेव्हा परीक्षकांनी स्त्री उमेदवाराला दोनास एक या प्रमाणात पसंती दिली. दोन्ही बाजूंचे लोक आपापला अभ्यास हाती घेऊन भांडत राहिले. पहिल्या प्रयोगातील अर्ज मुद्दाम मध्यम प्रतीचा, दोन्ही अर्थ निघतील असा रचलेला होता. दुसऱ्यातील उमेदवार उत्कृष्ट होते. जेथे गुणवत्ता ढळढळीत दिसते तेथे मनातील ठरीव साच्याला जागा मिळत नाही; जेथे ‘वाटते’ या शब्दावर निर्णय होतो तेथे तो शिरतो, असे माझे वाचन आहे. आपल्याकडच्या मुलाखती बहुतांशी अशा ‘वाटते’वरच चालतात. ‘एकंदर व्यक्तिमत्त्व’ या रकान्यात नेमके काय मोजले जाते, हे तो रकाना भरणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

पद्धत बदलण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर होलोक्राफ्ट स्टिकर लावून बैठक क्रमांक झाकला जातो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांचा त्यात अपमान आहे असे कोणी म्हणत नाही, आणि त्यांना आधी प्रामाणिकपणाचे प्रशिक्षण द्या म्हणजे स्टिकर लावावा लागणार नाही असेही कोणी सुचवत नाही. ओळख दिसली तर हात वळू शकतो, म्हणून ओळख झाकायची, एवढे व्यवहारज्ञान आपण परीक्षेत वापरतो आणि नोकरीच्या प्राथमिक छाननीत विसरतो.

न्यायालयाने ही दिशा ओळखली आहे. लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नियुक्ती देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. त्यानंतर लष्कराने लावलेल्या निकषांविरुद्ध काही अधिकारी पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्यात मार्च २०२१ मध्ये निकाल लागला. निकष वरकरणी सर्वांना सारखे होते. पण ज्या जुन्या गोपनीय अहवालांवर गुण दिले जात होते, ते अशा काळात लिहिले गेले होते जेव्हा स्त्रियांना कायम नियुक्ती मिळणारच नव्हती. म्हणून वरिष्ठांनी ते तितक्या काळजीने लिहिलेले नव्हते. पुरुष अधिकाऱ्यांनी ऐन तारुण्यात पार केलेली वैद्यकीय कसोटी या स्त्रियांना कितीतरी वर्षांनी, उतरत्या वयात लावली जात होती. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले, आणि भेदभाव ठरण्यासाठी तसा हेतू सिद्ध होण्याची गरज नाही हे स्पष्ट केले. कोणा ब्रिगेडियरच्या मनात काय होते याची झडती घ्यावी लागली नाही. निकषाचा परिणाम पाहणे पुरेसे होते. गेल्या काही वर्षांतील समानतेविषयीच्या निकालांत मला हा सर्वांत दूरगामी वाटतो.

राहिला प्रश्न मनांचा. ती कधी बदलतच नाहीत का? बदलतात, पण कशाने, हे पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांत दिसले. तेथे पंचायत प्रमुखाचे पद स्त्रियांसाठी राखीव होण्याची पाळी कोणत्या गावावर येईल हे योगायोगावर सोडलेले होते, त्यामुळे गावागावांची तुलना करता आली. एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, लोरी बीमन आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना पुढाऱ्याचे एकच भाषण ऐकवले, कोणाला पुरुषाच्या आवाजात, कोणाला स्त्रीच्या. जेथे कधीच आरक्षण आले नव्हते तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील तेच भाषण कमी प्रतीचे ठरवले. जेथे स्त्री प्रमुख होऊन गेली होती तेथे हे अंतर नाहीसे झाले होते. नकळत दुव्यांची चाचणीही घेतली गेली. स्त्री म्हणजे घरकाम हा पुरुषांच्या मनातील दुवा सैल झाला होता, पण स्त्री पुढाऱ्याविषयीची नावड मात्र तशीच होती. गावाला ती आवडू लागली नव्हती, तरी तिचे काम पाहता येऊ लागले होते. आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: पहिल्यांदा आलेल्या स्त्री प्रमुखाला गावाने पुरुषापेक्षा कमी लेखले, दुसऱ्यांदा आलेल्या स्त्रीला मात्र नाही. याच गावांविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोनदा आरक्षण आलेल्या गावांतील किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातील अंतर पुसले गेल्याचे आणि मुलींचा घरकामातील वेळ घटल्याचे दिसले.

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील स्त्रियांचे आरक्षण निम्म्यावर नेले, आणि तेव्हापासून सरपंचपदाची सोडत निघाली की ‘सरपंचपती’ हा शब्द हमखास ऐकू येतो. नवरा कारभार करतो हे अनेक ठिकाणी खरे आहे आणि त्यावर कडक कारवाई व्हावी. पण पहिल्याच फेरीतील अनुभवावरून आरक्षण फसले असे म्हणणाऱ्यांनी बीरभूमचा दुसरा निकाल वाचावा. पहिली बाई त्या गावाच्या मनातील साच्याची किंमत भरते आणि दुसरीला तिच्या कामावर तोलले जाते. पुढच्या पाच वर्षांत आरक्षण उठले आणि बाई पुन्हा दिसेनाशी झाली, तर ती किंमत वाया जाते.

हरियाणातील ३१४ सरकारी शाळांत झालेला प्रयोगही तासाभराच्या प्रशिक्षणाशी ताडून पाहावा. तेथे सातवीपासूनच्या मुलामुलींशी अडीच वर्षे नियमित तासिकांतून घरकाम, शिक्षण, लग्नाचे वय यांवर चर्चा केली गेली. विचार बदलले, मुलग्यांनी घरकामात हात लावू लागल्याचे सांगितले, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षे झाल्यावरही तो परिणाम टिकून होता. लहान वय आणि लांब मुदत या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला एका दुपारी चहाबरोबर दाखवलेल्या चित्रफितीत दोन्ही नसतात.

मी पुन्हा निवड समितीवर गेले तेव्हा अध्यक्षांना एक विनंती केली. अर्ज उघडण्यापूर्वी संशोधन, अध्यापन आणि प्रात्यक्षिक तास यांना प्रत्येकी किती गुण, हे सर्वांनी लिहून सही करावे. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. आणि ‘लग्नानंतर कुठे राहणार?’ हा प्रश्न कोणालाही विचारू नये. एका सदस्यांना ती विनंती खटकली, आमच्यावर विश्वास नाही का असे त्यांनी विचारले. मी त्यांना माझ्या दोन सह्यांची हकिकत सांगितली. पंधरा मिनिटे चर्चा झाली, मग तक्ता आखला गेला, सह्या झाल्या आणि पहिला अर्ज त्यानंतर उघडला.